डायल टोनवाले सगुणकाका

सगुणकाका आरोलकरांना गाडी चालवता येत नव्हती. सायकलही येत नव्हती. आयुष्यात स्टीअरिंगला त्यांचा हात एकदाच लागला होता, तोही बंद पडलेली जीप ढकलताना. पण नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत वीस वर्षांत एकही गाडी त्यांच्याशिवाय मागे गेली नव्हती.

आमची सोसायटी जुनी. फाटक अरुंद आणि आत वळायला जागा नाही, त्यामुळे गाडी गल्लीतूनच उलटी आत घ्यावी लागायची. गल्लीत रिव्हर्सचा आवाज झाला की पहिल्या मजल्यावर चपला वाजायच्या. बनियनवर पांढरा हाफशर्ट चढवत, बटणं लावत काका जिना उतरायचे आणि गाडीच्या मागे बरोबर मध्यावर पाय फाकवून उभे राहायचे. उजवा हात छातीसमोर, बोटं स्वतःकडे दुमडत. "येऊ दे. येऊ दे. डावी काट. अजून काट. सरळ कर. येऊ दे..." आणि मग एकदम पंजा उघडून वर. "बस!"

त्या 'बस'ला गाडी आणि बाजूची भिंत यांच्यात चार बोटं अंतर उरायचं. कधी पाच नाही आणि कधी तीन नाही.

ज्यांना गरज नव्हती त्यांनाही काका सोडत नसत. रिक्षा, दुधाचा टेम्पो, पाण्याचा टँकर, नवरदेवाची फुलं लावलेली गाडी. तळमजल्यावरचे पाध्येआजोबा वारले तेव्हा शववाहिका आली. सगळे रडत होते. काकाही रडत होते, पण शववाहिकेच्या मागे उभे राहून. एका हाताने डोळे पुसत, दुसऱ्याने बोटं दुमडत. "येऊ दे. येऊ दे. सावकाश. ज्यांना जायचंय त्यांना घाई नाही." पाध्यांची सून रडता रडता फस्सकन हसली, मग हसल्याची लाज वाटून आणखी मोठ्याने रडू लागली. ड्रायव्हर मात्र खूश झाला. जाताना म्हणाला, "काका, आमच्यात या. सगळीकडे पार्किंगचाच वांधा असतो."

हे खूळ त्यांना नोकरीतून लागलं होतं. काका टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. म्हणजे रस्त्याला खड्डा खणायचा, त्यात बसायचं आणि तुटलेल्या केबलमधल्या शेकडो बारीक तारा जोडीजोडीने पुन्हा जोडायच्या. "ठाण्यातल्या निम्म्या रस्त्यांच्या खाली मी बसलेलो आहे," असं ते सांगायचे, आणि एखाद्याने काश्मीर पाहिलंय असं सांगावं त्या थाटात सांगायचे. खड्ड्यातून वर पाहिलं की फक्त चाकं आणि बंपर दिसतात. तीस वर्षं त्यांनी तेच पाहिलं आणि आपल्या अंगावर कोणी येऊ नये म्हणून खड्ड्यातून हात वर करून वाहनं हाकली. "माणसाचं तोंड बघून काही कळत नाही रे मिलिंद," ते म्हणायचे. "मागची बाजू बघायची."

तारांचे रंग त्यांच्या तोंडात बसले होते. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. जिना चढताना, डॉक्टरकडे रांगेत, काकूंनी निवडायला दिलेल्या मटाराच्या शेंगा सोलताना, हाच जप. आणि कुणाचीही तब्येत, कुणाचाही संसार, कुणाचाही बंद पडलेला मिक्सर पाहून आल्यावर निकाल एकच: "काळजी नको. लाईन जिवंत आहे."

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे. नको वाटतं, पण त्याशिवाय काकांचं पुढचं कळणार नाही. मी डोंबिवलीच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. वाहन मागे घेताना मागे उभ्या असलेल्या माणसाच्या इशाऱ्याशिवाय चाक हलवायचं नाही, हा नियम मी गेली अनेक वर्षं लोकांना शिकवतो. त्याचा फलकही मीच लिहिला आहे. लाल रंगात.

दोन वर्षांपूर्वी मी नवीन गाडी घेतली. तिला मागे कॅमेरा होता. पुढे पडद्यावर मागचं सगळं दिसायचं, त्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा. काकांनी तो पडदा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे काय रे? टीव्ही?"

"कॅमेरा आहे काका. मागचं दिसतं."

"मी दिसतो?"

"दिसता ना."

"कसा दिसतो?"

"जरा जाडे दिसता."

दुसऱ्या दिवशी मी गाडी आत घेऊ लागलो तेव्हा काका नेहमीपेक्षा जास्त मोठ्याने ओरडत होते. मी पडद्याकडे बघत होतो. पडद्यात काका होते, पाय फाकवून. त्यांनी पंजा उघडला. "बस!" पडद्यावरच्या रेघा मात्र सांगत होत्या की अजून फूटभर जागा आहे. आणि मी तो फूट घेतला.

गाडी त्यांना लागली नाही. सगळे हेच म्हणाले, आणि खरं तेच आहे. काका फक्त एक पाऊल मागे सरकले. मागे पाण्याच्या मीटरचा कट्टा होता. त्याला टाच अडली, ते उताणे पडले आणि मान कट्ट्याच्या काठावर आपटली.

मी धावत गेलो. काका आकाशाकडे बघत पडले होते. शुद्धीवर होते. मला म्हणाले, "मिलिंद, माझे हात कुठायत?"

"इथेच आहेत काका."

"नक्की? बघ नीट."

मी त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना दाखवले. दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे त्यांनी ते पाहिले. मान हलवू द्यायची नाही एवढं मला नोकरीमुळे ठाऊक होतं. मी त्यांचं डोकं दोन्ही बाजूंनी धरून बसलो. रुग्णवाहिका आली आणि फाटकाशी अडकली. ड्रायव्हर पुढे घेतो, मागे घेतो, जमेना. आणि जमिनीवर उताण्या पडलेल्या, हात न हलणाऱ्या माणसाने, नुसत्या इंजिनाच्या आवाजावर, सुरू केलं, "उजवी काट. काट. काट. आता सरळ. येऊ दे. येऊ दे..." रुग्णवाहिका आत आली. "बस!" ती थांबली. मी नंतर पाहिलं. चार बोटं.

मणक्यातली दोरी तुटलेली नाही, मानेत आतल्या आत चिरडली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. वय झालेली माणसं अशी पडली की पायांपेक्षा हात जास्त जातात म्हणे. तसंच झालं. पाय काही महिन्यांत परत आले आणि काका काठी घेऊन, म्हणजे काठी कोपराला बांधून, चालू लागले. हात मात्र आले नाहीत. बोटं अर्धवट मिटलेली राहिली. जाड हातमोजे घातल्यासारखं वाटतं, म्हणायचे. काकू त्यांना भरवायच्या. आणि गल्लीत रिव्हर्सचा आवाज आला की काका गॅलरीतून उठून आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

स्वतःचं निदान मात्र त्यांनी केलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. "केबल शाबूत आहे. जॉइंटमध्ये पाणी गेलंय. चारपाच जोड्या अजून चालू असणार. पण मानेत खड्डा खणणार कोण?"

खड्डा न खणता काम करणारी जागा मला आमच्या कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितली. शीळफाट्याच्या पुढे एक पुनर्वसन केंद्र होतं. तिथे मानेवर बाहेरूनच चिकटपट्ट्या लावून मणक्याला विजेचे बारीक झटके देत आणि त्याच वेळी हातांचे व्यायाम करून घेत. दोन महिन्यांचा कार्यक्रम, आठवड्यातून तीन दिवस. सगळ्यांना गुण येतो असं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. मी म्हटलं, मी नेईन, मी आणीन. कारखान्यात तीन दिवस दुपारची पाळी मागून घेतली. काकू म्हणाल्या, "अरे, तू किती करतोस." ते वाक्य मला आजही झोपू देत नाही.

कळव्याचा पूल, मुंब्र्याचा बायपास, मग शीळफाटा. वाटेत काका शेजारच्या सीटवरून गाडी चालवायचे. "ट्रकच्या मागे राहू नकोस. पुढेही जाऊ नकोस." मग कुठे राहू, असं विचारलं तर म्हणायचे, "तूच बघ, तू सेफ्टी ऑफिसर."

केंद्रात शिरल्यावर त्यांनी माझी ओळख करून दिली. स्वागतकक्षातल्या मुलीला, पहारेकऱ्याला, चहावाल्याला, सगळ्यांना, आणि मोठ्या आनंदाने. "हा मिलिंद. आमचा शेजारी. सेफ्टी ऑफिसर आहे. ह्यानेच मला पाडलं." लोक हसायचे. मीही हसायचो. आतून मी कसा असायचो ते लिहिण्यासारखं नाही.

काकांवर उपचार करायला तन्वी पाटील नावाची फिजिओथेरपिस्ट होती. दिवा गावातली, जेमतेम तिशीची, आवाज खणखणीत. काकांनी तिची अशी तपासणी घेतली की साहेबांनी खात्याची घ्यावी.

"किती व्होल्ट?"

"काका, ते मशीन बघतं."

"अर्थिंग आहे?"

"आहे."

"कोणी केलं?"

"काका, मी तुमच्या मानेला अर्थिंग करू काय आता? गप बसा बघू."

तिने मानेच्या मागे दोन पट्ट्या लावल्या, मशीन सुरू केलं आणि हळूहळू वाढवत नेलं. काकांनी डोळे मिटले. मग उघडले. चेहरा असा झाला की मला वाटलं, काही बिघडलं.

"काय होतंय काका? दुखतंय?"

"गप," काका कुजबुजले. "डायल टोन आलाय."

तन्वीने त्यांना समजावलं की हे मशीन हात हलवत नाही. ते मणक्याला नुसतं जागं ठेवतं. डोक्यातून येणारा निरोप फार क्षीण असतो, तो अशा वेळी पलीकडे पोचू शकतो. पण निरोप काकांनीच पाठवायचा, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत.

"कळलं," काका म्हणाले. "लाईन तुम्ही भरणार. फोन मीच लावायचा."

तिथून पुढे बोटं बोटं राहिली नाहीत. अंगठा झाला कलेक्टर ऑफिस, कारण तो कधीच उचलायचा नाही. तर्जनी फायर ब्रिगेड. मधलं बोट आणि अनामिका म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ, एकाला लावला की दुसरा बोलायचा. आणि करंगळीचं नाव विमलवन्सं. त्या काकूंच्या नणंद, पण काकाही थट्टेने वन्संच म्हणायचे. कुणालाही फोन लावा, उचलणार त्या.

"काका, अंगठा हलवा."

काका कपाळाला आठ्या घालून, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी म्हणत जोर करायचे. करंगळी थरथरायची.

"कोणी उचललं?" तन्वी विचारायची.

"विमलवन्सं. क्रॉस कनेक्शन."

"ठेवा खाली. परत लावा."

काकूंना ह्या सगळ्यात एकच भीती होती, काका आता करंट मारतील ही. पहिले दोन आठवडे त्या घरात रबरी चपला घालून वावरल्या आणि काकांना चहा पाजताना कप पकडीने धरायच्या. मी त्यांना समजावलं की ते मशीन केंद्रातच राहतं, अंगात काही साठत नाही. त्या म्हणाल्या, "तू म्हणतोस म्हणून ठीक आहे. पण तूसुद्धा घाल चपला." मी घातल्या. मला ह्या घरात कशाला नाही म्हणायची सोय नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात फायर ब्रिगेडने उचललं. चौथ्यात दोघे भाऊ. मग एके दिवशी कलेक्टर ऑफिसनेही उचललं, आणि काकांनी स्पंजचा चेंडू मुठीत धरला. घट्ट. केंद्रातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता सोडा," तन्वी म्हणाली.

चेंडू सुटेना.

तिथेच गाडं अडलं. मिटण्याचं जमू लागलं, उघडण्याचं जमेना. उघडणं जास्त कठीण असतं, असं तन्वी सांगायची. दर वेळी चेंडू ती सोडवून घ्यायची, बोट बोट करून. पाचवा आठवडा गेला. काकांचं बोलणं कमी झालं. अंगठ्याला अंगठा म्हणू लागले.

सहाव्या आठवड्यातली गोष्ट. काकूही त्या दिवशी आल्या होत्या. मानेवर पट्ट्या, मशीन चालू, मुठीत चेंडू. मी काकांच्या समोर स्टुलावर, नेहमीसारखा, चेंडू पडला तर उचलायला. तो कधी पडायचाच नाही.

"सोडा काका. उघडा. पाठवा निरोप."

काकांनी जोर केला. मग जोर करायचं थांबले.

"पुरे गो पोरी," ते म्हणाले. "आता नको. सोमवारपासून येत नाही मी. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घे."

"दोन आठवडे उरलेत काका. असं मधेच सोडतात काय?"

"हा हात मुळातच नालायक. वीस वर्षं वेळेवर उघडला आणि नको त्या दिवशी उशिरा उघडला. मिलिंदला मी उगाच बोलतो. त्या बिचाऱ्याची काय चूक? माझी 'बस' उशिरा झाली. तेव्हा उघडला नाही वेळेवर, तो आता काय उघडणार."

काकू पदराशी चाळा करू लागल्या. हे त्यांनी घरी पुष्कळदा ऐकलेलं असावं.

मी पहिल्यांदाच ऐकत होतो. 'ह्यानेच मला पाडलं' ही त्यांची थट्टा होती. खरं त्यांना हे वाटत होतं. वर्ष उलटून गेलं होतं.

"काका," मी म्हणालो, "हात वेळेवर उघडला होता."

"जाऊ दे रे."

"मी बघितला. पडद्यात स्पष्ट दिसला. पाचही बोटं. 'बस' पण ऐकलं. मी थांबलो नाही."

"का?"

"पडदा म्हणत होता अजून एक फूट आहे." एवढ्यावर थांबता आलं असतं. थांबलो नाही. "आणि मला तुम्हाला दाखवायचं होतं."

"काय दाखवायचं होतं?"

"की आता तुमची गरज नाही."

काका माझ्याकडे बघत होते. त्यांचे कान आधी लाल झाले, मग मान. ठाण्यात इतकी वर्षं काढून त्यांची भाषा शहरी झाली होती. ती क्षणात त्यांच्या गावाला, कुडाळला गेली.

"मेल्या! वर्षभर माका वाटत होता, माझो हात चुकलो! आणि तू गप बसलंस? माझ्या शेजाराक बसान गप बसलंस?"

आणि त्यांनी मला थोबाडीत मारली.

तिला थोबाडीत म्हणणं म्हणजे कौतुकच. पोळीला तूप लावावं इतकी ती हलकी होती. पण लागला तो तळहात होता. चेंडू कधीच सुटून टप टप करत भिंतीकडे गेला होता.

काकू ओरडल्या, "अहो! काय हे!"

तन्वी माझ्याकडे बघतही नव्हती. ती काकांच्या हाताकडे बघत होती. "काका," ती हळूच म्हणाली, "परत."

"काय परत?"

"परत मारा."

"ह्याला?"

"हो. दादा, तुम्ही हलू नका."

काकांनी परत मारली. मग तन्वीने त्यांचं मनगट खालून धरलं. "मनगट खाली पडलं की बोटं आपसूक उघडतात. ती चीटिंग झाली. आता मनगट मी धरते. राग आहे ना अजून?"

"आसा," काका म्हणाले.

"मग मारा."

तिसरी थप्पड बसली तेव्हा मनगट सरळ होतं आणि तीन बोटं उघडी होती. निम्मं श्रेय रागाचं आणि निम्मं सहा आठवड्यांच्या मेहनतीचं, असं तन्वी म्हणाली. पण मेहनत रोज करता येते, तर रागही रोज करून बघू, असं तिचं शास्त्र होतं. तिने फाईल उघडली आणि पेन चावत बसली. ह्या व्यायामाचं नाव काय लिहायचं ते तिला सुचेना. शेवटी लिहिलं, 'समोरच्या व्यक्तीच्या दिशेने पंजा उघडणे'. दहाचे तीन सेट.

मी चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी सेफ्टी ऑफिसर म्हणून मी सुचवलेली सावधगिरी तेवढीच.

काका सोमवारी आले. पण माझ्या गाडीतून नाही. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. थट्टा बंद, ओळख करून देणं बंद. नौपाड्यातून शीळफाट्याच्या पुढेपर्यंत ते आणि काकू रिक्षाने जायचे आणि त्यांच्या मागून मी माझी रिकामी गाडी घेऊन जायचो. कारण माझा गाल तिथे लागायचा.

तन्वीला दुसऱ्याच दिवशी हे कळलं. "तुम्ही दोघं एकाच बिल्डिंगमधले ना?"

"हो."

"मग वेगवेगळे का येता?"

"काका माझ्याशी बोलत नाहीत."

"मारतात ना पण?"

"मारतात."

"मग झालं. बसा स्टुलावर."

निरोप काकूंमार्फत यायचे. "अगो, त्याला सांग, गाल पुढे कर." "त्याला सांग, डोळे मिटू नको, नेम चुकतो." काकू प्रामाणिकपणे ते मला सांगायच्या, मी हातभर अंतरावर बसलेला असताना. एकदा काकांची थप्पड नाकावर बसली. त्यांच्या तोंडून "लागलं काय?" निघून गेलं. मी "नाही काका" म्हणायच्या आत ते काकूंकडे वळले, "मी तुला विचारलं."

मी त्या तीस-तीस थपडा कशा खाल्ल्या ते खोटं न बोलता सांगायचं तर, आनंदाने. थप्पड दिवसागणिक जड होत गेली. सातव्या आठवड्यात तिला आवाज आला. ऑफिसात मला कुणीतरी विचारलं, गालाला काय झालं. मी म्हणालो, फिजिओथेरपी.

शेवटच्या दिवशी तन्वीने पट्ट्या लावल्याच नाहीत. मशीनवर कापड टाकलेलं होतं. "आज ह्याच्याशिवाय," ती म्हणाली. "मशीन इथेच राहणार, तुम्ही घरी जाणार. तुमच्याबरोबर काय जातंय ते आज बघायचंय."

काकांनी त्या झाकलेल्या मशीनकडे पाहिलं. मला वाटतं ते घाबरले होते. आमची सोसायटी पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. पाच दिवसांनी काका आणि काकू कुडाळला त्यांच्या मुलीकडे राहायला जाणार होते. तिथे असं केंद्र नव्हतं. उरलं ते उरलं, असा मामला होता.

मी स्टुलावर बसलो, चष्मा काढला, गाल पुढे केला. काकांनी हात उचलला. तोंडातल्या तोंडात रंग म्हटले. हात हवेत असतानाच उघडू लागला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. शेवटची दोन वाकडीच राहिली. मी डोळे उघडे ठेवून वाट बघत होतो.

थप्पड बसली नाही. हात सावकाश आला आणि माझ्या गालावर टेकला. तिथेच राहिला. मग बोटं थोडी वर गेली, थोडी खाली आली. पुन्हा वर.

"अगो," काका काकूंना म्हणाले, "त्याला विचार, आज दाढी केली नाही?"

"मिलिंद, दाढी केली नाहीस?"

"नाही. उशीर झाला."

"टोचते," काका म्हणाले.

तन्वी लिहायची थांबली. "काय म्हणालात?"

"टोचते म्हटलं. ह्याची दाढी." ते बोटं फिरवत होते. "ह्या बोटाला कमी. ह्याला जास्त. हनुवटीवर राठ आहे आणि कानाजवळ मऊ." दीड वर्ष त्या बोटांवर हातमोजे होते. काकूंनी पदर तोंडाला लावला. तन्वीने कापसाचा बोळा, खरकागद, कंगवा, टाचणी असं सगळं आणून त्यांचे डोळे मिटवून पुढे ठेवलं. काही ओळखता आलं, काही नाही आलं. कंगव्याला ते ब्रश म्हणाले. पण माझा गाल त्यांनी तीनदा ओळखला.

जाताना काका प्रत्येक गोष्टीला हात लावत गेले. दाराची मूठ, खडबडीत भिंत, पहारेकऱ्याचं लोकरी जॅकेट. पहारेकरी बावचळून उभा राहिला. रिक्षात बसल्यावर त्यांनी सीट चाचपली आणि चालकाला म्हणाले, "अरे, हे रेक्झिन इथे फाटलंय." तो म्हणाला, "काका, दोन वर्षं फाटलंय." काका म्हणाले, "असेल. मला आज कळलं." रिक्षा गेली. मी मागून माझी गाडी काढली.

त्या दिवशी घरी येऊन मी दाढी केली नाही. दुसऱ्या दिवशीही केली नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. काकांना पुन्हा हात फिरवून बघायला लागली तर असू दे, असं काहीतरी मनात होतं. बायको म्हणाली, माणसात ये. कारखान्यात साहेबांनी आजारी आहात का विचारलं. पाचव्या दिवशी सकाळी आरोलकरांचं सामान पुढे निघून गेलं आणि काकांना न्यायला त्यांचे जावई गाडी घेऊन आले.

मी जिन्याखाली उभा होतो. काका काठी धरून उतरले, आता बांधून नाही, धरून. काकू मला बघून रडू लागल्या. काका माझ्यासमोर थांबले. काठी काकूंकडे दिली. मग मोकळा झालेला हात वर केला आणि माझ्या गालावर ठेवला. तीन बोटं सरळ, दोन वाकडी. ती वाकडी दोन माझ्या जबड्याच्या हाडाखाली रुतली होती. त्यांनी हात कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश आणला, मग दुसऱ्या गालावर नेला आणि तिथेही तसाच फिरवला. त्यांना घाई नव्हती. जावयांनी घड्याळ पाहिलं.

"आता कर रे दाढी," काका म्हणाले. काकूंना नाही, मला. "भिकारी दिसतोस."

आणि जावयांचा हात बाजूला सारून, गाडीचं दार त्यांनी स्वतः उघडलं.